आत्याचं सोवळं आणि आजाराची व्याख्या

गेल्या महिन्यात आमच्या गावच्या वाचनालयात मानसिक आजारांवर परिसंवाद झाला. व्यासपीठावर दोन वक्ते, एक मनोविकारतज्ज्ञ आणि एक निवृत्त मुख्याध्यापक. डॉक्टर म्हणाले, मानसिक आजार मधुमेहासारखाच. मेंदूतल्या रसायनांचा तोल ढळतो, गोळ्या घ्या, बरे व्हाल. टाळ्या. मुख्याध्यापक म्हणाले, आमच्या वेळी कुणाला डिप्रेशन-बिप्रेशन नव्हतं, रानात चार दिवस खपलं की डोकं ताळ्यावर यायचं. ही सगळी औषध कंपन्यांची थेरं. पुन्हा टाळ्या, जरा जास्तच. गंमत म्हणजे दोन्ही वेळा वाजवणारे बरेच हात तेच होते. शेवटी मागच्या रांगेतल्या एक बाई उभ्या राहिल्या. ‘माझ्या मुलाला अपंगत्वाचं सर्टिफिकेट मिळत नाहीये. तो आजारी आहे की नाही, ते तुमच्यापैकी कुणीतरी एकदा सांगा.’ अध्यक्षांनी घड्याळाकडे बोट केलं, आभार झाले, चहा आला.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ‘मानसिक आजार खरा की खोटा’ हा प्रश्नच भलता आहे, आणि आपण कित्येक वर्षं त्याच खुंट्याभोवती फिरतो आहोत. आजाराच्या व्याख्येत दोन गोष्टी एकत्र मळलेल्या असतात. एक, माणसाच्या मनाच्या कारभारात काहीतरी खरोखर बिघडलेलं असतं. ते आपण मानलं काय, न मानलं काय. दोन, त्या बिघाडाने किती नुकसान झालं म्हणजे त्याला आजार म्हणायचं, हे माणसं ठरवतात, आणि ते काळाप्रमाणे, कायद्याप्रमाणे बदलतं. डॉक्टरांनी दुसरी गोष्ट झाकली, मुख्याध्यापकांनी पहिली. जेरोम वेकफिल्ड या अमेरिकी अभ्यासकाने १९९२ साली ही जोडी नेमकी मांडली होती: बिघाडही हवा आणि त्यातून हानीही हवी. मी त्यात एवढंच घालीन की ती हानी कुणाची, आणि विचारणारा कशासाठी विचारतोय, हे कळल्याशिवाय उत्तर देऊ नये.

हे मला पुस्तकातून कळलं नाही, आत्याकडून कळलं. साताऱ्याकडच्या आमच्या जुन्या वाड्यात माझी थोरली आत्या राहायची. तिचं सोवळं पंचक्रोशीत नावाजलेलं. चुलीची लाकडं धुऊन वाळवायची, हातात आलेली नाणी धुवायची, पाणी घेण्याआधी पितळी नळ चिंचेने घासायची आणि पाणी घेतल्यावर पुन्हा घासायची, कारण मधे त्याला हात लागलेला. एकवीसपर्यंत मोजायची. मोजताना कुणी हाक मारली की परत एकपासून. शेजारच्या बायका कौतुकाने म्हणायच्या, ‘अशी कडक सोवळ्याची बाई आता बघायला मिळायची नाही.’ तिला जेवायला दुपारचे चार वाजायचे. थंडीत बोटांच्या बेचक्यांतून रक्त यायचं आणि रात्री ती तिथे कोकमाचं तेल भरायची. मी तेव्हा दहा वर्षांचा असेन. एका दुपारी मागच्या अंगणात गेलो तर आत्या नळापाशी उकिडवी बसलेली, डोळ्यांतून पाणी वाहतंय, आणि ती स्वतःशीच म्हणतेय, ‘झालं गं, झालं आता, पुरे.’ हात मात्र थांबत नव्हते.

त्याच वाड्यात माझी आजीही सोवळं पाळायची. पण तिचं सोवळं नऊच्या आत आटपायचं. दूध घालणाऱ्याचा पोरगा चुकून शिवलाच तर ती हसायची, अंगावर पाणी शिंपडायची आणि भाकरी थापायला बसायची. बाहेरून बघणाऱ्याला दोघींची रीत एकच. पण आजी सोवळं पाळत होती, आणि आत्याला सोवळ्याने धरलेलं होतं. आत्याला थांबायचं होतं आणि थांबता येत नव्हतं. आजच्या पुस्तकी व्याख्येत हेच रुक्ष भाषेत लिहिलंय: मनात पुन्हा पुन्हा घुसणारे विचार, ते शमवायला कराव्याच लागणाऱ्या कृती, त्यांत दिवसाचा तासाहून अधिक वेळ जाणं किंवा रोजचं जगणं खोळंबणं. ज्याला आपण ओसीडी म्हणतो ते. म्हणजे ‘आमच्या वेळी नव्हतं’ हे खरं नाही. होतं, फक्त त्याला मान होता. पाठ थोपटणारे दहा जण असले की बिघाड झाकला जातो, एवढंच मुख्याध्यापकांच्या आठवणीतून सिद्ध होतं.

इथे थोडं आडवाटेला जातो, कारण हा घोटाळा रोज छापून येतो. आजीच्या सोवळ्यात आजार नव्हता, पण ते निरुपद्रवी होतं असं मला म्हणायचं नाही. त्या अंगणात कुणी यायचं आणि कुणी दिंडीदरवाजाशीच थांबायचं, हे त्याच सोवळ्याने ठरायचं. तो अन्याय होता. पण अन्याय म्हणजे आजार नव्हे. आपल्याकडे कुणी भयंकर गुन्हा केला की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत तो ‘माथेफिरू’ असतो, ‘विकृत’ असतो, कधी तपासणीआधीच ‘मनोरुग्ण’ही असतो. जातीयवादाला लोक ‘मानसिक विकृती’ म्हणतात. यात दोन्हीकडून तोटा होतो. गुन्हेगाराला आयती पळवाट मिळते आणि गोळ्या घेऊन मुकाट नोकरी करणाऱ्या हजारो माणसांच्या कपाळी गुन्हेगाराची सावली येते. दुष्टपणाला आजार म्हणण्याइतका आळशी विचार दुसरा नसेल.

आता विरोधकांची बाजू. ती कच्ची नाही. मुख्याध्यापकांना इतिहास ठाऊक असता तर त्यांनी डॉक्टरांना घाम फोडला असता. १८५१ साली अमेरिकेतल्या लुइझियानात सॅम्युएल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने एक नवा आजार जाहीर केला: ड्रेपटोमेनिया. लक्षण काय, तर गुलामाला मालकापासून पळून जावंसं वाटणं! सोव्हिएत रशियात ‘मंदगती स्किझोफ्रेनिया’ नावाचं निदान होतं. त्यात भ्रम नको, भास नको, सरकारवर टीका करण्याची खोड पुरायची. अशी कित्येक शहाणी माणसं इस्पितळांत डांबली गेली. जगभरातून इतका गदारोळ झाला की हकालपट्टी होईल या भीतीने १९८३ साली सोव्हिएत संघटना जागतिक मनोविकार संघटनेतून आपणच बाहेर पडली. आणि सगळ्यांत गाजलेलं उदाहरण १९७३चं. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या विश्वस्तांनी समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, पुढल्या वर्षी त्यावर सभासदांचं मतदान झालं आणि ५८ टक्क्यांनी निर्णय टिकला. रात्रीत लाखो माणसं बरी झाली! मतदानाने बरा होणारा आजार हा आजार म्हणायचा का?

प्रश्न बिनतोड वाटतो खरा. पण मग हाच प्रश्न रक्तदाबाला विचारा. २०१७ साली अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांनी उच्च रक्तदाबाची रेघ १४०/९० वरून १३०/८० वर आणली. आदल्या रात्री निरोगी झोपलेली सुमारे ३ कोटी माणसं सकाळी रुग्ण म्हणून उठली. मधुमेहाची उपाशीपोटीची रेघ १९९७ साली १४० वरून १२६ वर आली, तीही समितीत बसूनच. म्हणून रक्तदाब थोतांड आहे, असं कुणी म्हणत नाही. धमनीतला दाब खराच असतो. कितीला ‘जास्त’ म्हणायचं हे माणसं ठरवतात. २००६ साली प्राग शहरात हात वर करून प्लूटोचं ग्रहपद काढलं, तेव्हा कुणी खगोलशास्त्र मोडीत काढलं नाही. फरक आहे तो वेगळाच: प्लूटोला त्या मतदानाचं सोयरसुतक नव्हतं. माणसाला असतं. त्याला ‘आजारी’ म्हटलं की त्याचं लग्न मोडतं, नोकरी जाते, तो स्वतःकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतो. म्हणून इथे रेघ मारताना हात अधिक जपून चालवावा लागतो. रेघच नको, असं यातून निघत नाही.

आणि १९७३चं मतदान नीट पाहिलं तर ते विरोधकांच्या नाही, माझ्या बाजूने बोलतं. समलैंगिक कार्यकर्त्यांनी दारं ठोठावली म्हणून डॉक्टरांना पहिल्यांदा स्वतःलाच विचारावं लागलं की आपण आजार म्हणतो तरी कशाला. त्या संघटनेतले मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट स्पिट्झर यांनी मांडलेला मुद्दा साधा होता: ही माणसं त्यांच्या समलैंगिकतेमुळे दुःखी असतीलच असं नाही, त्यांचं काम, नाती, जगणं खुंटलेलं असेलच असं नाही, मग आजार कुठे आहे? त्यांचा त्रास होता तो लोकांच्या वागण्यामुळे. त्याच स्पिट्झरच्या हाताखाली १९८० साली यादीची तिसरी आवृत्ती निघाली, आणि त्रास किंवा असमर्थता ही कसोटी व्याख्येत आली. कार्टराइटचा गुलाम या कसोटीवर एका क्षणात सुटतो. त्याच्यात काही बिघडलेलं नव्हतं, आणि हानी म्हणाल तर ती मालकाची होती. नुसतं जगावेगळं वागणं म्हणजे आजार नव्हे, हे कळायला तरी अमेरिकेत कशाला जायला हवं? तेराव्या शतकात रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंचं वागणं लोकांना वेड्यासारखं वाटे. तरी त्या गावाने त्यांच्यावर माया केली, आणि महानुभाव पंथ त्यांना ईश्वराचा अवतार मानतो. त्यांना कुणी साखळीने बांधलं नाही. साखळी आपल्या काळातली आहे: ६ ऑगस्ट २००१ला तमिळनाडूतल्या एरवाडीत दर्ग्याजवळच्या आश्रमाला आग लागली, तेव्हा बांधून ठेवलेली २८ माणसं पळता न आल्याने जळून गेली.

आता डॉक्टरांकडे वळतो. ‘रसायनांचा तोल’ हे वाक्य त्यांनी चांगल्या हेतूने वापरलं. लोकांनी लाजू नये, एवढाच त्यांचा हेतू. पण वाक्य कच्चं आहे. नैराश्य म्हणजे सेरोटोनिनची कमतरता, या समजुतीचा २०२२ साली आजवरच्या संशोधनावरून मोठा आढावा घेतला गेला, आणि त्याला सुसंगत पुरावा सापडला नाही. लगेच दुसऱ्या टोकाचे लोक ओरडले, ‘बघा, म्हणजे गोळ्या बोगस!’ हा तर्क कुठला? पॅरासिटामॉलने ताप उतरतो, म्हणून ताप म्हणजे शरीरात पॅरासिटामॉल कमी होणं नव्हे. १९४९ साली जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने उन्मादावर लिथियम वापरलं. आजही ते वापरतात, आणि कुणाच्या अंगात लिथियम कमी पडलं असं कुणीही म्हणत नाही. औषध का चालतं हे कळण्याआधी ते चालतं हे कळू शकतं. गंमत अशी की ज्या वेडाचं शारीरिक कारण पक्कं सापडतं, ते बहुतेकदा मनोविकारांच्या यादीत राहत नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी वेड्यांची इस्पितळं ज्या एका जातीच्या वेडाने भरलेली असत, त्या रुग्णांच्या मेंदूत १९१३ साली उपदंशाचे जंतू सापडले, आणि पेनिसिलिन आल्यावर तो आजार मनोविकारतज्ज्ञांच्या हातून गेला. फेफऱ्याचंही तेच. आपल्या हिंदू विवाह कायद्यात फेफरं येणं १९९९पर्यंत वेडाच्या शेजारी बसलेलं होतं, लग्नाला आडकाठी म्हणून! त्या वर्षी दुरुस्ती झाली आणि तो शब्द गेला. फिट आलेल्या माणसाच्या नाकाला चप्पल लावणं मात्र गेलं नाही. तेव्हा ‘मधुमेहासारखाच’ म्हणताना जरा दमानं घ्यावं. रक्त तपासून कळेल असा हा आजार आज तरी नाही. तरीही तो आहे.

यादी फुगली आहे, हा आरोप मला मान्य आहे. १९५२ साली सव्वाशे-दीडशे पानांत मावणारी अमेरिकी यादी २०१३ साली नऊशे पानांपलीकडे गेली, आणि त्यावर सगळ्यांत कडाडून टीका केली ती आधीच्या आवृत्तीचे प्रमुख असलेल्या ॲलन फ्रान्सिस यांनीच. त्या २०१३च्या आवृत्तीत शोकाला दिलेली सूट काढली गेली. म्हणजे नवरा जाऊन महिनाही झाला नसताना बाईचं मन खिन्न राहून झोप, भूक, त्राण, लक्ष दोन आठवडे गेलं, तर कागदावर तिला नैराश्य ठरवता येतं. पुढे २०२२ साली ‘लांबलेला शोक’ हे वेगळं निदानच आलं: अमेरिकी यादीत १२ महिने, जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत ६. आपल्याकडे वर्षश्राद्धापर्यंत घरात सण करत नाहीत, दारावर तोरण चढत नाही. वर्षभर रडायची मुभा आपल्या रीतीने आधीच दिलेली होती, आणि वर्षानंतर हळूच उंबऱ्याबाहेर यायची खूणही. दोन्ही याद्यांत ‘त्या समाजाच्या रीतीपेक्षा स्पष्टपणे जास्त’ असं कलम तरी आहे. पण पाटी जास्त जणांना लागली म्हणून पाटीच खोटी ठरत नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ साली १२ राज्यांत झालं. त्यात त्या घडीला मानसिक आजार असलेल्यांचं प्रमाण १०.६ टक्के आलं आणि चिंता-नैराश्यासारख्या आजारांत ८५ टक्के लोकांना उपचारच मिळत नसल्याचं दिसलं. (महाराष्ट्र त्या बारांत नव्हता, तरी इथल्या प्रत्येक भाषणात हा आकडा महाराष्ट्राचा म्हणून फिरतो.) न्यूयॉर्कात पाटी वाटप जास्त झालं असेल. यवतमाळमध्ये अजून दारच उघडलेलं नाही.

यवतमाळ म्हटलं की सगळ्यांत जड आक्षेप समोर येतो, आणि तो डाव्या विचारांचे माझे मित्र नेहमी घेतात: कापसाला भाव नाही, डोक्यावर सावकार, आणि तुम्ही शेतकऱ्याला ‘नैराश्य’ म्हणून गोळी देणार? दुष्काळाचं दुखणं त्याच्या डोक्यात ढकलणार? हा धोका खरा आहे. समुपदेशक नेमला की हमीभावाचं बघायला नको, असं कुठल्याही सरकारला वाटू शकतं. पण क्षयरोगाचं बघा. तो गरिबीचाच रोग. कोंदट खोली आणि अर्धपोटी अंग याशिवाय तो एवढा पसरला नसता. म्हणून गिरणगावातल्या चाळी सुधारेपर्यंत कुणी क्षयाची औषधं थांबवून धरली का? कारण बाहेर असलं तरी बिघाड आत झालेला असतो, आणि पुढच्या खताचा निर्णय त्याच डोक्याने घ्यायचा असतो. विदर्भात २०११ ते २०१५च्या दरम्यान ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम चालला. त्यात गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी लोकांना गाठलं. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत तर डॉक्टर नसलेल्या सल्लागारांनी सहा-आठ भेटींत उपचार केले आणि ते लागू पडले. तिथे येणाऱ्या बायका ‘डिप्रेशन’ म्हणत नव्हत्या. ‘टेन्शन’ म्हणत होत्या, अंग दुखतं म्हणत होत्या. व्याख्या त्यांच्या तोंडी नव्हती, पण तिच्यामुळे कुणाला आधी बसवून घ्यायचं ते कळलं.

माझ्या कसोटीला खरी अडचण येते ती वेगळ्या ठिकाणी. आत्या रडत होती. पण जो रडतच नाही त्याचं काय? एका मित्राचा भाऊ तीन रात्री झोपला नव्हता, पहाटे चारला फोन करून कविता ऐकवत होता, एका दिवसात दोन ट्रॅक्टर बुक केले आणि रस्त्यालगतचा प्लॉट मिळेल त्या किमतीला द्यायला निघाला. चेहऱ्यावर असा आनंद की आपल्यालाच आपलं जगणं फिकं वाटावं. ‘मी आयुष्यात इतका बरा कधी नव्हतो,’ तो म्हणायचा. त्याचा त्रास त्यालाच विचारायचा ठरवला तर उत्तर मिळणार नाही. आणि घरच्यांना विचारायचा ठरवला तर कार्टराइटचा मालक मागल्या दाराने आत येतो. मला यातून एकच वाट दिसते: त्याच माणसाला, पण दुसऱ्या वेळी विचारणं. आठ महिन्यांनी तो म्हणाला, ‘सही करताना माझा हात का नाही धरलात?’ २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने हीच वाट कागदावर आणली. शुद्धीत असताना माणूस लिहून ठेवू शकतो की मी पुन्हा तसा झालो तर माझ्यावर काय उपचार करा, काय करू नका, माझ्या वतीने कुणी बोलावं. त्याच कायद्याचं कलम ३ सांगतं की समाजाच्या चालीरीतींत, राजकीय मतांत न बसणं हा आजार ठरवण्याचा आधार असू शकत नाही. किती जणांनी असा कागद करून ठेवलाय, हे विचारू नका.

विचारणारा कशासाठी विचारतोय त्यावर उत्तर ठरतं, हे न्यायालयाला आधीच उमगलं होतं. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका नवऱ्याने बायकोला स्किझोफ्रेनिया आहे म्हणून घटस्फोट मागितला. न्यायालय म्हणालं, नुसतं नाव पुरेसं नाही; तो आजार किती आहे आणि त्यामुळे सोबत राहणं खरोखर अशक्य झालंय का, ते दाखवा. नवरा हरला. म्हणजे उपचारासाठी पुरेसं असलेलं निदान घटस्फोटासाठी पुरेसं नसतं, आणि ते योग्यच आहे. डॉक्टरला गोळी ठरवायला लागणारी व्याख्या, न्यायाधीशाला लग्न मोडायला लागणारी, सर्वेक्षणवाल्याला डोकी मोजायला लागणारी आणि सरकारी समितीला प्रमाणपत्र द्यायला लागणारी व्याख्या एकच असावी, हा हट्टच का?

त्या मागच्या रांगेतल्या बाईंना मी चहाच्या वेळी गाठलं. मुलगा चौतीस वर्षांचा, बारा वर्षांपासून स्किझोफ्रेनिया, गोळ्या चालू, आवाज आता येत नाहीत. प्रमाणपत्रासाठी ४० टक्के अपंगत्व भरावं लागतं. ते मोजायच्या पट्टीवर आवाज येतात की नाही याला फार जागा नाही. तिथे विचारतात ते स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, संवाद आणि समज, आणि काम. प्रत्येकाला शून्यापासून चारपर्यंत गुण, अडचण जितकी जास्त तितके गुण जास्त. वर आजार किती जुना, त्याचे. मुलाला ४०पेक्षा कमी पडले होते. मी विचारलं, त्या दिवशी तिथे काय काय झालं? त्या म्हणाल्या, साहेबांसमोर जायचं म्हणून सकाळी त्याला अंघोळ घातली, दाढी करून दिली, नखं कापली, इस्त्रीचा शर्ट घालून बटणं लावली. साहेबांनी विचारलं, अंघोळ केलीस का? तो ‘हो’ म्हणाला. त्यांनी पहिल्या रकान्यात शून्य लिहिलं.